आसूढाळ

न्हाई म्हनलं ना बे — किती डाव सांगू? बैल त्या करंजाखाली बांध, त्याला पानी दाव, तू बी दोन घोट पी, आन् आल्या वाटंनं वापस जा. मी रंग लावीत न्हाई. कुनाच्याच बैलाला न्हाई. आं हां, तोंड उघडूच नको, मला ठावं हाय तू काय म्हननार — काका, एवढा एक डाव, बाजार परवावर आलाय, एवढा डाग झाका. समदे हेच म्हनत येत्यात. सात वरसं झाली मला धंदा सोडून, तरी म्हैन्याकाठी एक तरी व्यापारी येतोच, कासरा हातात, मान खाली, आन् त्या बापड्या जनावराचं तोंड माझ्याकडं वळवून हुबा ऱ्हातो. म्हनून तर मी पाठ करून बसलोय. बघनारच न्हाई मी त्याच्याकडं. बघितलं की हाताला सवय हाय ना — काव किती, कात किती, मनातल्या मनात कालवाया लागतो. शिसारी येती मला माझ्याच हाताची. ह्या रंगापायी माझी लेक सात वरसात माहेराला आली न्हाई, कळलं? एकुलती एक लेक. सत्यभामा. आन् तू म्हनतो रंग लावा.

बस, बसायचं तर बस. पर बोलू नको. कागदावर पानी हाय, ते वाळायच्या आत रंग फिरवावा लागतो, मधी कुनी बोललं की हात चुकतो. — मी बोलतो ते वेगळं. मी बोललो की हात चालतो. बाईल म्हनती, तुमाला मानूस न्हाई गावलं तर खारीसंगं बोलत बसता. बसतो. खार निदान बैल घेऊन येत न्हाई.

हे कागदावरलं? ही शिंधफना हाय, तुझ्या म्होरं पसरली ती नदी. वाहती म्हनावं तर चैतात पानी कुठलं — तीन डोह, मधी वाळू, पल्याड शिंदीची चार झाडं, आन् त्यो एक पांढरा बगळा सकाळधरनं हुबा हाय, हलाया तयार न्हाई. मी बी तसाच. तू हसू नको. माजलगावात समदे हसत्यात. म्हनत्यात आसाराम हेडी येडा झाला, बैलं इकायची सोडून चिखलाच्या तसविरी काढतो. हसा म्हनावं. ज्यांच्या दावनीला मी रंगवलेली जनावरं गेली, तेच हसत्यात. त्यांना खरं काय ते कळलं तर हसनार न्हाईत, दगडं घेऊन येतील.

तुला माझं नाव कुनी सांगितलं? सुग्रीवनं आसंल. त्योच माझा भागीदार व्हता, अजून धंद्यात हाय, अजून म्हनतो, आसाराम, तुझ्यावानी हात इलाख्यात न्हाई, वापस ये. हात! हाताचंच कवतिक. माजलगाव, वडवनी, पार अंबाजोगाईपस्तोर — बैलाचा बाजार म्हनलं की आसाराम. सौदा ठरवाया रुमालाखाली बोटं धरली की समोरच्याला घाम. त्याच्या तळव्यावरनं मला कळायचं ह्याला बैलाची गरज किती, घरी कोन आजारी हाय का, पेरनी अडलीय का. आन् ते कळलं की मी बोट आवळायचो. असा धंदा. वरनं रुमाल, मानसं बघत्यात दोन भले लोक हातात हात घालून हुबे, आन् खाली एकमेकाचा गळा. तवा मला त्याची मज्जा वाटायची, खोटं कावून सांगू? आता आठवलं की भाकर गिळवत न्हाई.

आन् त्याच्यापेक्षा घान काम म्हंजे रंग. आसूढाळ मालूम हाय ना तुला, का नुसताच कासरा धरून हिंडतो? लाल बैल, अंगावर दुसरा रंग न्हाई, आन् एका डोळ्याखाली पांढऱ्या केसाची बारीक रेघ, गालावर उतरलेली — आसू गळाल्यावानी. त्यो आसूढाळ. असला बैल दावनीला आला की त्या घरात रडारड व्हती म्हनत्यात. मग नांगराला वाघ आसू दे, दात मोत्यावानी आसू दे, घेनारा त्याला हात लावायचा न्हाई. जनावर कसं चालतं, वजं किती वढतं, खाल्लेलं अंगी लागतं का, काय काय इचारायचं सोडून मानूस आदी डोळ्याखाली वाकून बघतो. देवानं काढलेली रेघ दिसली की घाबरत्यात, आन् मी काढलेला खोटा गाल बघून खूश व्हत्यात. थू! असल्या लोकांना फसवलं तर पाप कसलं, असंच म्हनायचो मी. म्हनायचो आन् लावायचो.

आन् ते सोपं न्हाई बरं. सुग्रीवनं सुरवातीला नुसती काव, ती तांबडी माती, फासली व्हती एका बैलाला, लांबून दिसायचं, कुनी भिंत सारवल्यावानी. लाल बैल म्हनतो आपुन, पर लाल एक आसतो व्हय? वशिंडाचा लाल काळपट, पोटाखालचा फिका, आन् गालाचा तिसराच — त्यात थोडी राख मिसळल्यावानी, कडंला पिवळी झाक. त्यो लाल वळखाया मी दोन-दोन तास बैलाच्या तोंडाला तोंड लावून बसायचो. उन्हात वेगळा, सावलीत वेगळा. बाजाराला सकाळचं ऊन आसतं तर सकाळच्या उन्हातच कालवायचं. काव, कात, हिरड्याचं पानी, बाभळीचा डिंक. खारीच्या शेपटीच्या केसाची कुंचली, मोराच्या पिसाच्या नळीत बसवलेली, एक-एक केस रंगवायचा, मुळापासनं टोकापस्तोर. आन् आखरीला एक जिन्नस आसायची, ती मी कुनाला सांगितली न्हाई, सुग्रीवला बी न्हाई, तुला तर मुळीच सांगनार न्हाई. ती जिन्नस पडली की रंग पान्यानं जायचा न्हाई, घामानं जायचा न्हाई. धोबी कापडावर निशानी करतो, ती जाती का धुतल्यानं? — झालं, बोलून गेलो. बिब्बा. बिब्ब्याचं तेल, दोन थेंब. जा, लाव आता तूच घरी जाऊन. पर एक सांगतो, बिब्बा भाजतो. मानसाच्या कातडीला भाजतो, ते तर डोळ्याखालचं कवळं कातडं. रंग लावला की तीन दिस त्या बैलाच्या डोळ्याला धार लागायची. आसूची खोटी रेघ झाकाया मी त्याला खरंच रडवायचो. गिऱ्हाईक इचारायचं, डोळा कावून गळतोय? मी म्हनायचो, वाऱ्यानं. — मुकं जनावर, मान हलवायचं न्हाई, मी कुंचली धरली की डोळा मिटून हुबं ऱ्हायचं. अजून दिसतंय मला. एवढं नालायक काम खाटीक बी करीत न्हाई. त्यो एकदाच काय ते करतो.

गप बस, सांगतोय ना. धंदा सोडला कावून ते आयक, मग तुझं तूच उठून जाशील. लेकीचं लगीन माघात झालं. सासर वडवनीकडलं, चांगलं नांगरटीचं घर, जावई बद्रीनाथराव, मानूस लाख. त्यांनी काय बी मागितलं न्हाई. मलाच खाज. म्हनलं, बैलाचा व्यापारी मी, लेकीला बैलजोडी देनार, आन् अशी देनार की वडवनीनं बघत ऱ्हावं. एक लाल बैल घरचा व्हता, त्याच्या तोडीचा दुसरा धुंडाळला, गावला, दिली जोडी. शिंगाला गोंडे बांधून वाजत-गाजत. बैल बी वढायला एक नंबर. आन् आखाडात केस बदलला जनावराचा, जुना केस गळाला, नवा आला, तर डोळ्याखाली पांढरी रेघ. आसूढाळ. आता बोल! कुन्या तरी हेड्यानं रंगवून माझ्या गळ्यात मारला, आन् मी लेकीच्या. मला फसवलं. असं झालं.

तेवढ्यावर भागलं आसतं. पर त्याच साली मानमोडीची साथ आली. तू ल्हान आसशील तवा. गावंच्या गावं बसली, मढ्याला खांदा द्यायाला मानूस मिळंना. त्या घरातली तिघं गेली, सासू, सासरा आन् चुलत सासरा, आठ दिसाच्या आत. आता मला सांग, कुन्या घरातले गेले न्हाईत तवा? ज्यांच्या दावनीला बैलच न्हाई तेबी गेले. पर त्या घरच्या बायका म्हनाया लागल्या, आसूढाळ दावनीला आला, घर रडवून गेला. आन् आनला कुनी? हिनं. बैलाचं नाव माझ्या लेकीला पडलं बे! आसूढाळी. आसूढाळे, पानी आन. आसूढाळे, चुलीपून ऊठ. लेकरू झालं न्हाई, तर त्याला बी तेच कारन. आमाला सांगावा आला — तुमी येऊ नका, ती येनार न्हाई. संपलं. बाईल वडवनीच्या बाजाराला जाती मिरच्या घ्यायच्या निमतानं, लांबून तोंड बघून येती. मी जात न्हाई. माझ्यात हिंमत न्हाई.

तर त्या आखाडानंतर पयलाच बाजार. सुग्रीवनं एक बैल म्होरं आनला, मी कुंचली बुडवली, बिब्ब्याचा वास नाकात गेला — आन् भडाभडा वकलो, तिथंच, हेड्यांच्या तळावर, पंचवीस जनांम्होरं. कुंचली फेकली. घरी आलो. पुन्यांदा दावनीत पाय ठेवला न्हाई. इज्जतीचा मानूस, फेटा बांधून फिरनारा, एका दिसात कवडीचा झालो. जवारीची एक पट्टी हाय नदीच्या वर, दोन जीव जगतो आमी त्याच्यावर. बाईलनं एक शबूद काढला न्हाई, तेच जास्त लागतं.

रंग? रंग तर घरात डब्यांनी पडलेला. काव, कात, डिंक. फेकून द्यावा म्हनून नदीवर आनला एक दिस, ह्याच जागी. फेकता फेकता हात थांबला. वाळूकडं बघत व्हतो, म्हनलं ही वाळू कंच्या रंगाची हाय? पांढरी न्हाई, पिवळी न्हाई, बैलाच्या पोटाखालच्या केसाजवळ जाती, पर ती बी न्हाई. जकातीच्या नाक्यावरली जुनी पावती व्हती खिशात, तिच्या मागच्या अंगाला जरा लावून बघितलं. जमलं न्हाई. दुसऱ्या दिशी आलो. आपला येड्यावानी रोज आलो. कुनाला इकायची न्हाई वाळू, कुनाला फसवायचं न्हाई, तरी हात शिवशिवत व्हता. आन् खरं सांगू, घान बी वाटायची. ज्या हातानं बैल रडवले त्याच हातानं झाडं काढायची. बरं, दुसरा हात आनू कुठनं?

मग पुढं एका साली बंदोबस्ताची पैमाईश, जमिनीची मोजनी, आली, नदीपल्याड तंबू पडले. त्यात एक नक्शानवीस व्हते, मकबूल साहेब, हैद्राबादचे, डोक्याला रुमी टोपी, दम्यानं खोकत आसायचे. त्यांचं काम नक्शात रंग भरायचं, वढा निळा, बागायत हिरवी, पडीक पिवळी. विलायती रंगाच्या वड्या, पत्र्याच्या डबीत, पान्यात बुडवलं की नुसता उजेड. मी लांबनं बघत बसायचो. एक दिस त्यांनी माझी पावती हातातनं घेतली, बघितली, आन् हसले. न्हाई, तुमच्यावानी हसले न्हाईत. म्हनले, अरे आसाराम, इत्ता रंग कायकू थोप रा? कागज कू साँस लेने दे. मी म्हनलं, साहेब, पांढरा रंग द्या, बगळा काढायचाय. तर म्हनले, सफेद लगाते नै रे, सफेद छोडते. बगळ्याच्या भवतीनं रंग लाव, बगळा हाय तसा सोड, त्यो कागदच बगळा हाय. — मी त्यांच्या तोंडाकडं बघतच बसलो. आयुष्य गेलं पांढरं झाकन्यात, आन् हे म्हनत्यात पांढरं सोड. म्हनलं, साहेब, हे मला येनार न्हाई. आलंच न्हाई. पाच वरसं नुसता कागदाचा चिखल केला. हात आपोआप जायाचा त्या पांढऱ्यावर, भरून टाकायचा. बघ हा बगळा. आज कुठं सुटलाय जरासा. जाताना साहेब डबी देऊन गेले, कागदाचा गठ्ठा देऊन गेले. पुढं खबर आली की दम्यानंच गेले. त्यांना मी बैलाचं काय सांगितलं न्हाई. सांगायाला पायजे व्हतं.

आन् आता तसविरी बघाया लोक येत्यात त्यांची तऱ्हा आयक. विठ्ठलराव देशमुख आले घोड्यावरनं, म्हनले, आमचं डोंगरावरलं सीताफळाचं रान काढून द्या, हैद्राबादला भाच्याला पाठवायचंय. गेलो. आठ दिस डोंगरात बसलो. पानगळ झालेली, काळी खोडं, खाली तांबडा पाला, लई सुंदर, काळजाला हात घालनारं. नेऊन दिलं. तर म्हनत्यात, ह्यात मोर न्हाई. म्हनलं, तिथं मोर नव्हता. म्हनले, मग काय झालं? काढा की दोन मोर, एक हरन काढा, झाडाला पानं दावा, आन् इकडं कोपऱ्यात आमची स्वारी घ्या, छान दिसंल. छान दिसंल! रुमालाखालची बोटं आठवली. छान दिसाया पायजे म्हनूनच तर बैल रंगवत व्हतो. काखंत कागद मारला आन् वापस आलो. देशमुख अजून शिव्या देत्यात. देऊ देत. ह्या इलाख्यात हाय तसं कुनाला बघवतच न्हाई बघ, बैल न्हाई, झाड न्हाई, लेक न्हाई. समद्यांना वरनं रंग पायजे. आन् रंग लावनारा सापडला की त्याला फेटा बांधत्यात.

काय बघतो? — तू भला दिसतो. अजून उठला न्हाई. दुसरे येत्यात ते शिव्या देऊन निघून जात्यात, न्हाईतर बिब्ब्याचं आयकलं की पळत्यात. जरा इकडं सरक. हळू बोलतो, मागं खोपटात बाईल हाय, आत आयकू जाईल. तिला बी ठावं न्हाई हे. कुनालाच ठावं न्हाई. तू परका हायस, परवा बाजार करून कुठल्या कुठं जाशील, तुला सांगाया माझं काय जातंय. सात वरसं पोटात धरून बसलोय, नासलंय आत.

मघाशी म्हनलो ना, कुन्या तरी हेड्यानं मला फसवलं? — वडवनीच्या बाजारात मी त्यो बैल घेतला, लेकीसाठी. दात बघितले, चार दाती. खूर बघितले, चालवून बघितला. मग रुमाल भिजवला. दस्तूरच हाय, लाल बैल घेताना वला रुमाल डोळ्याखाली फिरवायचा, रंग आसला की फडक्याला लागतो. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा थुंका लावून घासला. फडकं पांढरंच. म्हनलं, जनावर नितळ हाय, चला. — निघंल कसा बे? माझा रंग व्हता त्यो! माझ्या हातचा! त्याच्या आदी तीन म्हैने, कार्तिकात, माजलगावच्या बाजारात मीच रेघ झाकून इकलेला बैल. घेनाऱ्यानं शिंगं साळली, दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, फिरत फिरत माझ्याच म्होरं आला, आन् मी वळखला न्हाई. सालात दोन-तीनशे जनावरं हाताखालनं जायची, तोंड कोन ध्यानात ठेवतो? गाल तेवढा ध्यानात ऱ्हायचा, त्यो तर मीच झाकलेला. वल्या रुमालाला दाद न देनारा रंग अख्ख्या इलाख्यात एकाचाच. आन् रुमाल घासनारा बी त्योच.

आखाडात त्यांनी बोलावलं, गेलतो. बैल बघितला. रेघंच्या खालच्या टोकाला गव्हाच्या दान्याएवढी टकली खून. कार्तिकात त्यानं मान झटकलेली, बिब्ब्याचा थेंब खाली गळालेला, जुना केस गळाल्यावर तिथं पुन्हा केस आलाच न्हाई. ती खून बघितली आन् कळलं, हा माझाच हात. सासरा तवा जिता व्हता, त्यानं इचारलं, पाव्हनं, हे काय? माझ्या तोंडात आलतं, माझंच हाय म्हनून. पर म्हनलो काय? म्हनलो, मला फसवलं कुनीतरी. कारन रंग माझा हाय म्हनावं तर कोन मानंल की मला मालूम नव्हतं? तू मानशील? बैलाचा हेडी, रंग लावनारा, आन् आपला रंग आपल्यालाच कळला न्हाई म्हनतो! म्हननार, जानून दिला, लेकीच्या घरावर जानून घातला. आन् मी रंग लावतो हे हेड्यांच्या बाहेर फुटलं आसतं तर दहा गावचे लोक दावनीवर आले आसते, ते येगळंच. म्हनून गप बसलो. मी गप बसलो आन् त्यांनी माझ्या लेकीला आसूढाळी म्हनलं. एक शबूद बोललो आसतो तर निदान तिच्या कपाळाचं बापाच्या कपाळावर आलं आसतं. बैलाच्या रेघंनं कुनी मरत न्हाई, हे मला ठावं. पर तिला बोल लागला त्यो माझ्या गप बसन्यानं. रंग लावला त्याची किळस येती ती येतीच. पर गप बसलो त्याची — सकाळी उठलो की पयली तीच येती.

काय गं, आली व्हय बाहेर? ठिव पानी तिथं. हा चाललाच हाय, पिऊन जाईल.

काय? कोन? … शहादेव? कोन शहादेव?

… वडवनीचा? आपल्या सत्यभामाचा धाकला दीर? … तुला दर बाजाराला दिसतो म्हनती? …

तुमी — तुमी बोलला कावून न्हाई? लग्नात कमरंएवढं पोरगं व्हता तुमी, मला कसं वळखू यावं, मिसरूड फुटलं आता. बोलायचं तरी … व्हय. बोलत व्हता. आल्या आल्या तोंड उघडलं व्हतं तुमी, मीच दाबलं. मीच म्हनलो, मला ठावं हाय तू काय म्हननार.

थांबा. सरका जरा, बैल बघू द्या. — त्योच हाय. शिंगं वाकली, पाठ बसली, म्हातारा झाला लेकाचा. ही रेघ. ही खून. सात वरसं राबवला तुमी ह्याला? इकला न्हाई? … घेतंय कोन, व्हय, खरंय.

मग आनला कशाला, रंग लावाया न्हाई? … वापस द्यायला? … आन् काय म्हनता? कुनाला? … सातवा म्हैना? अगं आयकलं का, सत्यभामाला सातवा लागलाय. सात वरसांनी … आन् पाठवत्यात? हिकडं, बाळंतपनाला? … येत्या ऐतवारी. गाडी जुपून. बद्रीनाथराव सवता म्हनले? काय म्हनले, पुन्यांदा सांगा, हिला बी आयकू द्या … "बैल त्यांचा त्यांना देऊन ये, आन् म्हनावं झालं ते झालं, ते तरी काय करतील, ते बी आमच्यावानीच फसले."

आमच्यावानीच फसले.

…

तू डोळे पुसू नको गं. अजून काय झालं न्हाई. आयक, आत जा तू — न्हाई, थांब. इथंच थांब.

शहादेवराव, मघाशी मी बोललो, कुन्या घरातले गेले न्हाईत म्हनून. ते तुमचे मायबाप व्हते. माझ्या जिभंला हाड न्हाई. तुमी तसंच आयकून घेतलं. आन् बाकीचं बी आयकलं. समदंच आयकलं. तुमाला परका समजून बोललो मी, परका म्हनूनच … आता असं करा, ते जे रंगाचं मी बोललो ते तुमी — म्हंजे घरी गेल्यावर, बैलाचं तेवढं —

न्हाई. न्हाई, तसं म्हननार न्हाई मी. बघा, सुटत न्हाई सवय! तुमच्या तोंडाला बी रंग लावाया निघालतो. थू माझ्या जिंदगानीवर. तुमी गप ऱ्हायला आन् ती आली, बसली इथं पोट घेऊन, बाबा म्हनली — मी कुठं बघू तवा?

ही इचारती, काय आयकलं म्हनून. सांगतो गं. तुला बी सांगतो. दम घे जरा.

तुमी निघा. पानी प्या आन् निघा, ऊन उतरलंय. बैल ऱ्हाऊ द्या, त्यो माझाच हाय. दादाला समदं सांगा, जसं आयकलं तसं, कमी करू नका, वरनं चांगलं काय लावू नका. रंग त्यांच्या सासऱ्याच्या हातचा व्हता म्हनावं. वळखला न्हाई हे बी सांगा, मानलं तर मानलं. आन् सत्यभामाला बी सांगा, दादाच्या आदी तिला सांगा. मग ऐतवारी गाडी जुपायची तर जुपा. आन् न्हाई जुपली तर —

जावा पाव्हनं. जावा आता. मला हिच्याशी बोलायचंय.